मारक पेशी आणि ‘मास्टर जनुक’: एका गोष्टीची चिकित्सा

विषयाला हात घालण्याआधी एक चित्र डोळ्यांसमोर आणू या.

आमच्या धाकट्या मुलीचे दिवस भरत आले होते, तेव्हा एका खासगी कंपनीचा प्रतिनिधी घरी आला होता. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवायची योजना. त्याच्या गुळगुळीत पत्रकावर एक झाड छापलेलं होतं. तळाशी एक गोल, त्याखाली लिहिलेलं ‘मूळपेशी’. त्यातून दोन जाड फांद्या, त्यांतून बारीक फांद्या, आणि टोकांना फळं लागावीत तशा पेशी: तांबड्या पेशी, प्लेटलेट, टी, बी, आणि एका कोपऱ्यात ‘नॅचरल किलर’. तो गृहस्थ म्हणाला, “सर, तळातलं हे एक साठवलं की वरचं सगळं आपोआप आलं.” आयुष्यभर प्रश्न विचारण्याचाच पगार घेतलेल्या आम्ही एकही प्रश्न न विचारता पहिला हप्ता भरला.

पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की ते झाड काही त्या विक्रेत्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. पाठ्यपुस्तकांतही तेच झाड आहे. आणि झाडाशेजारी एक गोष्टही असते: अमुक जनुक हे ‘मास्टर’, ते चालू झालं की अमुक पेशी तयार होते. आज आपण त्या झाडाची आणि त्या गोष्टीची चिकित्सा करणार आहोत. आम्ही जीवशास्त्रज्ञ नाही, प्रयोगांवर आमचा आक्षेप नाही. प्रयोग काय सांगतात आणि गोष्ट काय सांगते, यांच्यात जी फट पडते ती बघणं हे आमच्या धंद्याचं काम आहे.

सुरुवात नावापासून करू. १९७५ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांना, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रॉनल्ड हर्बरमन यांना, एक विचित्र गोष्ट नक्की करता आली. ज्या उंदरांना कर्करोगाच्या पेशींची आधी कसलीही ओळख करून दिलेली नाही, त्यांच्या प्लीहेतल्या काही पेशी त्या कर्करोगपेशी मारून टाकतात. त्याआधीही हे दिसत होतंच, पण प्रयोगातली खरखर म्हणून सोडून दिलं जात होतं. त्या पेशींना नाव मिळालं ‘नॅचरल किलर’. मराठीत आपण ‘नैसर्गिक मारक पेशी’ म्हणतो आणि तो शब्द ऐकला की वाटतं, मारणं हा हिचा स्वभाव आहे. मुळात ‘नैसर्गिक’ याचा अर्थ एवढाच होता, की ‘आधी न शिकवलेली’. म्हणजे नकारार्थी शब्द, स्वभावाचा शब्द झाला. गंमत पुढे आहे. ज्या पेशीला ‘न शिकवलेली’ म्हणून नाव मिळालं, तिच्याच बाबतीत तीस वर्षांनी ‘शिक्षण’ हा पारिभाषिक शब्द रूढ झाला. त्याकडे येऊच.

ही पेशी ओळखते काय? इथे कारोलिन्स्कातलाच क्लास केरे नावाचा संशोधक एक वेगळाच विचार घेऊन आला. १९८१ च्या प्रबंधात त्यानं तो मांडला आणि १९८६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर प्रयोगानं दाखवला. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर ‘मी घरचीच’ असं सांगणारी प्रथिनं असतात. विषाणूनं ग्रासलेल्या किंवा कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा ती प्रथिनं लपवतात. केरेचं म्हणणं असं, की मारक पेशी परकं काही शोधत नाही. घरची खूण जिथे नाही ते ती टिपते. ‘जे असायला हवं होतं ते नाही’ हेच तिच्यासाठी ज्ञान.

आता आमच्यासारख्या न्यायदर्शन शिकवलेल्या माणसाला इथे गुदगुल्या होणारच. वैशेषिकांनी अभावाला पदार्थ मानलं, कुमारिल भट्टानं ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसं कळतं, यावर आपल्याकडे पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. पण ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं’ अशी टाळी मात्र कुणी वाजवू नये. कुमारिलाला लिम्फोसाइट ठाऊक नव्हता. त्याच्याकडून घ्यायचा तो एक इशारा: अभाव नुसता नसतो, तो नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो. नुसती रिकामी जागा बघून मारक पेशी मारत सुटत नाही. समोरच्या पेशीवर तिला चिथावणाऱ्या खुणाही लागतात. दोन्हींची गोळाबेरीज होऊन निर्णय ठरतो. लोकप्रिय लिखाणात हा दुसरा भाग बहुधा गळून पडतो.

आता झाडाकडे. ‘स्टेम सेल’ या शब्दाचा जर्मन पूर्वज ‘श्टामत्सेले’ हा एर्न्स्ट हेकेलनं १८६८ मध्ये वापरला, आणि त्याच्या मनात होतं वंशवृक्षाचं खोड. म्हणजे झाड हे नंतर काढलेलं चित्र नाही, ते शब्दातच दडलेलं आहे. मराठीत आपण खोडाचं मूळ केलं, झाड तेच ठेवलं. रक्ताच्या मूळपेशी प्रत्यक्ष प्रयोगानं पुढे आणल्या त्या टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक यांनी, १९६१ मध्ये. किरणोत्सर्गानं अस्थिमज्जा नष्ट झालेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, आणि प्लीहेवर गाठी उठल्या. एकेक गाठ एकेका पेशीची संतती. त्यांचं नाव सगळे घेतात. पण १९६४ चा त्यांचा आणि सिमिनोविच यांचा निबंध, जो आम्हाला या साऱ्या कथेतला सर्वांत तत्त्वज्ञानी निबंध वाटतो, तो कमी लोक वाचतात. त्यांनी गाठी फोडून मोजलं, की प्रत्येकीत नव्या मूळपेशी किती. आकडे भयंकर विषम निघाले. त्यांनी प्रस्ताव मांडला तो असा, की एकेक मूळपेशी स्वतःसारखीच दुसरी घडवणार की वेगळी वाट धरणार, हे त्या पेशीपुरतं संभाव्यतेवर आहे. शिस्त आहे ती समूहाची. म्हणजे झाडाच्या मुळाशीच त्यांनी फासा ठेवला होता! पाठ्यपुस्तकांनी झाड ठेवलं आणि फासा उचलून घेतला.

झाडाची एक फांदी मोडलेलीही आपण पाहू शकतो. चित्रात मारक पेशी ही टी आणि बी पेशींची बहीण असते, एकाच फांदीवरची. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सिंथिया डनबार यांच्या गटानं मकाक माकडांच्या मूळपेशींना एकेक आनुवंशिक शिक्का मारला आणि महिनोन्‌महिने रक्त तपासलं. टी, बी आणि मायलॉइड पेशींचे शिक्के एकमेकांशी जुळत गेले. रक्तातल्या मुख्य मारक पेशींचे शिक्के मात्र वेगळेच निघाले. माकडात जे घडतं ते माणसात तसंच्या तसं घडतं असं कुणी म्हणू नये. पण ‘एकाच फांदीवरच्या बहिणी’ हे वाक्य आता ठामपणे उच्चारता येत नाही, एवढं नक्की.

हे झालं चित्राचं. आता गोष्टीचं, म्हणजे ‘मास्टर जनुका’चं. इथे जरा रेंगाळू, कारण खरा घोटाळा इथे आहे.

२००९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ह्यू ब्रेडी यांच्या गटानं, आणि त्याच वर्षी कॅनडातल्या दुसऱ्या गटानं, दाखवलं की एनफिल-३ नावाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मारक पेशी जवळपास नसतातच, आणि टी व बी पेशी मात्र ठाकठीक असतात. फार सुंदर निष्कर्ष. या जनुकाचं प्रथिन इतर जनुकांवर बसून ती चालू-बंद करतं. बातम्यांत लगेच शब्द आला: ‘मास्टर जीन’. आता तर्क पाहा. ‘अ’ काढलं की ‘ब’ होत नाही. यावरून ‘अ’ हे ‘ब’साठी आवश्यक, इतकं सिद्ध होतं. ‘अ’ पुरेसं आहे, ‘अ’ मालक आहे, ‘ब’चा सगळा नकाशा ‘अ’मध्ये आहे, यांतलं काहीही सिद्ध होत नाही. मीटरमधला फ्यूज काढला की घरातला रेडिओ बंद पडतो. म्हणून फ्यूजला गाणं येतं असं कुणी म्हणत नाही.

पुढच्या पाच वर्षांत काय झालं? २०१३ मध्ये दिसलं, की मारक पेशी एकदा पक्व झाल्यावर एनफिल-३ काढून घेतलं तरी त्या टिकतात आणि विषाणूशी लढतातही. म्हणजे हा ‘मालक’ दार उघडून निघून जाणारा आहे. २०१४ मध्ये दिसलं, की लाळग्रंथींतल्या आणि यकृतात मुक्काम करणाऱ्या मारकसदृश पेशी एनफिल-३ शिवायही तयार होतात. मग वाद सुरू झाला, की या यकृतातल्या पेशींना मारक पेशी म्हणायचं की ‘आयएलसी-१’ हे वेगळं नाव द्यायचं. वेगळं नाव देण्याला इतरही चांगली कारणं आहेत, ती आम्ही नाकारत नाही. पण एक सापळा बघा: एनफिल-३ शिवाय होतात त्या ‘खऱ्या’ मारक पेशी नव्हेत असं ठरवलं, तर ‘खऱ्या मारक पेशींना एनफिल-३ लागतं’ हे वाक्य कधीच खोटं पडू शकत नाही. ते शोध राहत नाही, व्याख्या होते. शोधाचा मान आणि व्याख्येची सुरक्षितता, दोन्ही एकाच वाक्याला देता येत नाहीत.

बरं, हे जनुक एकटं काम करतं का? तेही नाही. ते आयडी-२ आणि इओमेस यांना चालना देतं. इओमेस आणि त्याचं भावंड टी-बेट यांची कामं विभागलेली. दोन्ही नसतील तर मारक पेशी नाहीतच. शिवाय बाहेरून आयएल-१५ नावाचा संकेत सतत लागतो, आणि तो ऐकू येण्यासाठी पेशीच्या अंगावर जो ग्राहक लागतो, त्याचा एक भाग पुन्हा टी-बेट आणि इओमेस यांच्यावर अवलंबून. कोण कोणाचा मालक? दोरीचा गुंता आहे हा, शिडी नव्हे.

यातलं आयडी-२ हे आमचं विशेष आवडतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की ते नसेल तर उंदरात मारक पेशी होत नाहीत, लसिका गाठीही होत नाहीत. पण आयडी-२ चं प्रथिन डीएनएवर स्वतः बसतच नाही. ते ‘ई’ गटातल्या दुसऱ्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यांना बसू देत नाही. ती ‘ई’ प्रथिनं मोकळी राहिली तर पेशी टी किंवा बी होण्याकडे ओढली जाते. २००७ मध्ये तर असंही दिसलं, की आयडी-२ नाही पण सोबत त्या ‘ई’ प्रथिनांपैकी एकाचंही जनुक काढलं, तर मारक पेशी पुन्हा दिसू लागतात! म्हणजे आयडी-२ चं कर्तृत्व काय, तर अडवणं. आपला ‘नियमन’ हा शब्द इथे इंग्रजीपेक्षा सरस आहे. ‘यम्’ म्हणजे आवरणं, लगाम धरणं. जनुकनियमन म्हणजे हुकूम देणं, ही कल्पना आपण बाहेरून आणली. शब्दात ती नव्हती.

आणि २०१० चा तो प्रयोग, ज्यानं आम्हाला खरोखर झोप लागू दिली नाही. टी पेशीत बीसीएल-११बी नावाचं जनुक असतं. सायन्स नियतकालिकात त्या वर्षी तीन गटांनी लिहिलं, की ते काढून टाकलं की टी पेशी होऊ घातलेल्या पेशी मारक पेशींसारख्या होऊ लागतात. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या गटानं तर पक्व टी पेशींतही हे घडवून दाखवलं. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना सत्कार्यवाद आणि असत्कार्यवाद आठवत असेल. सांख्य म्हणतात, तेल तिळात आधीच होतं, फक्त प्रकट झालं. न्याय-वैशेषिक म्हणतात, वस्त्र धाग्यांत आधी नव्हतं, ते नव्यानं निर्माण झालं. पत्रकावरचं झाड शुद्ध सत्कार्यवादी आहे: सगळं तळाशी होतंच, वेळ आली की बाहेर आलं. हा प्रयोग दोघांनाही अडचणीत टाकतो. टी पेशी ‘झाली’ म्हणजे संपलं नाही. तिला टी पेशी राहण्यासाठी दर घटकेला काहीतरी अडवून धरावं लागतं. तिची ओळख ही मिळालेली पदवी नाही, रोज भरायचं भाडं आहे. तिळाचं उदाहरण इथे पुरत नाही, आणि धाग्याचंही.

मग चांगलं चित्र कोणतं? एक आहे, आणि तेही अर्धंच लोकप्रिय झालं. कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९५७ च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स’ या पुस्तकात डोंगरउतार काढला: वर एक चेंडू, खाली फाटे फुटत गेलेल्या दऱ्या. चेंडू ज्या दरीत घरंगळेल ती त्या पेशीची वाट. हे चित्र प्रत्येक भाषणात दिसतं. त्याच पुस्तकात दुसरं चित्र आहे, तोच उतार खालून पाहिलेला. जमिनीत खुंट्या ठोकल्यात, त्यांना दोऱ्या बांधल्यात, त्या एकमेकींत गुंतून वरच्या पृष्ठभागाला ओढून धरताहेत. खुंट्या म्हणजे जनुकं. एक खुंटी उपटली तर कुठली दरी बुजेल हे त्या एकट्या खुंटीकडे बघून सांगता येत नाही, इतर दोऱ्या किती ताणल्यात त्यावर ते ठरतं. मंडपवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आमची तक्रार एवढीच, की पहिलं चित्र सगळीकडे छापलं जातं आणि दुसरं क्वचित, कारण दुसऱ्यात कुणी नायक नाही.

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असतील, तर रुग्णांकडे येऊ. १९८९ मध्ये एका किशोरवयीन मुलीची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. तिला नागीण-कांजिण्यांच्या कुळातले विषाणू एकामागून एक जिवावर उठेपर्यंत छळत होते, आणि तिच्या रक्तात मारक पेशी नव्हत्या. अशा रुग्णांत दोष कुठे सापडला? ‘मास्टर’ची गोष्ट खरी मानणारा एनफिल-३ कडे धावला असता. सापडलेल्या कारणांत एक आहे गाटा-२, जे मूळपेशींच्याच पातळीवर काम करतं आणि ज्याच्या दोषातून पुढे रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. दुसरं आहे एमसीएम-४. २०१२ मध्ये आयर्लंडच्या भटक्या समाजातल्या कुटुंबांत त्याचा दोष मिळाला. हे जनुक कुठल्याही पेशीचं विभाजन होताना डीएनएची प्रत काढायला मदत करतं. घरातल्या नळासारखं, सगळ्यांच्या कामाचं. तरी त्याच्या दोषाचा फटका ज्यांना बसला त्यांत मारक पेशी ठळकपणे होत्या; मुलांची वाढ खुंटली, अधिवृक्क ग्रंथीही अपुरी पडली. जो डॉक्टर फक्त ‘मारक पेशींचं जनुक’ शोधेल, तो अशा मुलाच्या शरीरात चुकीच्या खोलीत शोधत राहील. म्हणून रूपक हा केवळ अलंकार आहे असं आम्ही मानत नाही.

आता ते ‘शिक्षण’. मारक पेशीच्या अंगावर घरची खूण ओळखणारे ग्राहक असतात. माणसात त्यांची पंधराएक जनुकं, १९ व्या गुणसूत्रावर. ज्या खुणा ओळखायच्या त्यांची जनुकं ६ व्या गुणसूत्रावर. दोन्ही स्वतंत्रपणे वारशात येतात. कुलूप आईकडून, किल्ली बापाकडून, आणि जुळतीलच याची हमी नाही. त्यावर कडी म्हणजे, एकेका पेशीत यांतले कोणते ग्राहक उमटणार हे बरंचसं यदृच्छेनं ठरतं. उंदरांतल्या अशाच जनुकांच्या अलीकडे दोन दिशांना तोंड असलेला स्विच सापडला आहे, तो कुठे वळेल ही संभाव्यता. टिल आणि मॅक्युलक यांचा फासा इथे पुन्हा भेटतो.

मग ज्या पेशीला घरची खूण ओळखणारा एकही ग्राहक मिळाला नाही, ती घरच्यांवरच का उठत नाही? कारण ती मंद असते. हे का, यावर २००५ च्या आसपास दोन रूपकं उभी राहिली. सेंट लुइसच्या वेन योकोयामा यांनी म्हटलं, ‘परवाना’: घरची खूण भेटली की पेशीला मारण्याचा परवाना मिळतो. बर्कलीच्या डेव्हिड रॉले यांनी म्हटलं, ‘निःशस्त्रीकरण’: आवर घालणारं कुणी नसलं की सततच्या चिथावणीनं पेशी थकून हत्यार टाकते. निरीक्षण एकच, शब्द उलटे. आम्हाला यात दोष दिसत नाही, उलट हे रूपकांचं उत्तम वर्तन आहे, कारण दोन्हींतून तपासता येईल असा प्रश्न निघाला: परवाना कायमचा असतो का? २०१० मध्ये दोन गटांनी पक्व मारक पेशी एका उंदरातून वेगळ्या खुणांच्या उंदरात हलवल्या, आणि त्यांची तल्लखता नव्या घराप्रमाणे बदलली. परवाना कायमचा नव्हता. ‘मास्टर’ या शब्दातून मात्र असा प्रश्न निघत नाही. तो ऐकणाऱ्याला शांत बसवतो. आमचा मुख्य आक्षेप हाच.

शेवटी ते पत्रक. २०२० मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातून केटी रेझवानी यांच्या गटाचा अहवाल आला. नाळेच्या रक्तातल्या मारक पेशींत कर्करोग ओळखणारा कृत्रिम ग्राहक घालून ११ रुग्णांना दिल्या. ८ जणांत प्रतिसाद, ७ जणांत आजाराची चिन्हं पूर्ण गेली. संख्या लहान आहे, काहींना पुढे इतर उपचारही दिले गेले, हे त्यांनीच नोंदवलं आहे. आमच्या नजरेत भरलं ते वेगळंच. त्या नाळा रुग्णांच्या स्वतःच्या नव्हत्या. परक्या बाळांच्या होत्या, सार्वजनिक दानातून आलेल्या, आणि पूर्ण जुळणीची गरजही पडली नाही. आपल्याच बाळाच्या नाळेतून ‘वरचं सगळं’ येतं असं सांगून ज्या झाडाच्या जोरावर आम्हाला हप्ता भरायला लावला होता, त्याच झाडाची ही एक फांदी, आणि ती परक्यांच्या दानातून फळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलं आहे, की पुढे स्वतःच्याच उपयोगासाठी नाळेचं रक्त साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही. ते आम्ही हप्ते भरून झाल्यावर वाचलं.

मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की चित्र पटण्यासारखं आहे.” म्हणालो होतो खरं. ते पत्रक आज सोबत आणलंय, टेबलावर ठेवतो. ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं. आता प्रश्न घेऊ.